कोळशाचे डोहाळे

मी लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले तेव्हा सासरी कौतुकाच्या दोन नव्या गोष्टी होत्या. एक सिमेंटच्या स्लॅबची खोली आणि दुसरी मी. त्यातली खोली जास्त कामाची होती, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

साठीचं दशक सरत आलं होतं. गल्लीतली बहुतेक घरं धाब्याची, मातीच्या छताची. आमचंही मूळ घर तसंच. छताला धूर जायला भोक, आणि दारं अशी की कडी लावली तरी मांजर खालून ये-जा करायचं. त्या घराच्या पाठीमागे ह्यांनी आणि थोरल्या दिरांनी मिळून ही नवी खोली बांधली. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, खिडकीला काचा. सासूबाई आल्यागेल्याला तिथे नेत, खिडकी लावून घेत आणि म्हणत, "बघा, वाऱ्याची झुळूक येतेय का कुठून?" पाहुणा हात हवेत धरून नाही म्हणायचा. मग चहा.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी इंटर सायन्सपर्यंत गेलेली. म्हणजे जाऊन आलेली. परीक्षेने मला दारातूनच परत पाठवलं होतं. पण सासरी ते कोण तपासणार? मी पाण्याला पाणी म्हणायचे ते उपकार केल्यासारखं. दुधावर साय धरली की ती का धरते ते सांगायला लागायचे. सासूबाई शांतपणे ऐकून घेत आणि मग म्हणत, "कॉलेजवाली, ते ऊतू चाललंय."

घरात मला खरं ओळखलं ते एकीनेच. माझी थोरली जाऊ, अक्का. एरंडोलकडच्या खेड्यातली, शाळा जेमतेम चौथीपर्यंत, बोलणं अस्सल खानदेशी. मोठे दीर, त्यांना सगळे भाऊ म्हणत, धुळ्याला सरकारी कचेरीत नोकरीला. शनिवारी एसटीने यायचे, सोमवारी पहाटे परत. आमचे हे डाळमिलमध्ये दिवसभर. त्यामुळे घरात आठवडाभर राज्य सासूबाईंचं, आणि त्या राज्यात बंडखोर आम्ही दोघी.

अक्काने मला पहिल्याच महिन्यात शिकवलेली विद्या अशी. सासूबाई गुळाची ढेप उंच फळीवर ठेवत. अक्का दुपारी ती उतरवायची, हवा तेवढा गूळ काढायची आणि मग केस विंचरायच्या कंगव्याने कडेला बारीक बारीक ओरखडे काढून ठेवायची. उंदराचे दात. सासूबाईंनी पिंजरा आणला. पिंजऱ्यात त्या रोज तुपाची भाकरी लावत, आणि ती भाकरीही अक्का रोज खायची. "केवढा हुशार उंदीर आहे," सासूबाई म्हणाल्या, तेव्हा अक्का माठाआड जाऊन पदर तोंडात कोंबून अशी हसली की माठ हलला. ती हसायला लागली की तिला आवाजच नसायचा. नुसते खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी. मी तिला विचारलं, "अक्का, पकडल्या गेलो तर?" ती म्हणाली, "तू शे ना कॉलेजवाली. सांगजो, सायन्सनी खादा."

ती बोलायला लागली की बाई, घरातली कामं कधी संपली ते कळायचं नाही. गल्लीतल्या प्रत्येकाची चाल, प्रत्येकाचं खोकणं तिला करता यायचं. एक वाक्य बोलायची आणि पुढचं वाक्य समोरच्याच्या तोंडात असतानाच उचलायची. मी तिच्याहून शिकलेली, पण तिच्याशी बोलताना मला नेहमी अर्धं पाऊल मागे राहिल्यासारखं वाटायचं. ते मला आवडायचंही.

त्या हिवाळ्यात अक्काला मुलगी झाली. बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातचं. अडचण काही नाही. तिची बाज नव्या खोलीत टाकली. सासूबाईंचा तो मान होता: घरातली पहिली बाळंतीण स्लॅबच्या खोलीत.

बाळंतिणीला शेक देण्याची रीत आमच्याकडे सगळ्यांच्यात होती. बाजेखाली पेटती शेगडी ठेवायची. त्यावर ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी द्यायची. डोक्याला फडकं घट्ट, कानात कापूस, अंगावर घोंगडी. जुन्या घरात हे गोवऱ्यांच्या विस्तवावर चालायचं. धूर व्हायचा, डोळे झोंबायचे, मग कुणीतरी दार उघडायचं, आणि वर भोक होतंच. पण नव्या खोलीत गोवऱ्या कशा जाळायच्या? चुना काळा पडला असता. म्हणून सासूबाईंनी चांगला लाकडी कोळसा मागवला. तो अंगणात पेटवून, लाल फुलवून, धूर पुरता गेला की मगच शेगडी आत न्यायची. "धुराचं नाव नाही," त्या शेजारणींना सांगत. मीही मान डोलावत असे. धूर नाही म्हणजे हवा शुद्ध, असं माझं सायन्स.

बाळ आठवड्याचं झालं असेल तेव्हा फ्लू आला. आमच्या घरात तो धुळ्याहून एसटीने आला. भाऊ शनिवारी उतरले तेच खोकत. धुळ्याला कचेऱ्या निम्म्या रिकाम्या होत्या म्हणे. भाऊ दोन दिवस कण्हले आणि उठून बसले. त्यांच्यामागून अक्का पडली. ती मात्र उठेना. ताप, कोरडा खोकला, अंग असं दुखायचं की बांगडी हलली तरी कळवळायची.

गल्लीच्या तोंडाशी एका डॉक्टरांचा दवाखाना होता. ते येऊन पाहून गेले. छातीला नळी लावली, लाल मिक्श्चर दिलं, सुई टोचली. म्हणाले, "फ्लूच आहे. सगळ्या गावात आहे. विश्रांती द्या, बाळ दूर ठेवा आणि गार वाऱ्याला सांभाळा."

एवढं बास होतं. बाळ सासूबाईंनी जुन्या घरात, माजघरात नेलं. गाईच्या दुधात पाणी घालून बोंडल्याने पाजायला लागल्या. आणि वाऱ्याला इतकं सांभाळलं की काय सांगू. खिडकीच्या फटीत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या. दाराखाली पोतं लावलं. बाळंतीण, त्यात ताप. शेगडी एक होती तिच्या दोन केल्या. हे सगळं मायेपोटी. सासूबाई जिभेने तिखट होत्या, पण त्या दिवसांत त्यांनी सुनेसाठी जे काही केलं ते पोटच्या पोरीसाठी करावं तसं. आज कुणी त्यांना अडाणी म्हटलं तर मी भांडायला उठते.

अक्काजवळ बसायचं काम माझं. कपाळावर पट्टी ठेवायची, कोळसे सारखे करायचे, पेज भरवायची. आणि तिथे बसल्या बसल्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. मग गरगरायला. मग मळमळायला. अंगणात धावले आणि मोरीशी ओकले.

सासूबाई तिथे भांडी घासत होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात धुतले. हळू आवाजात विचारलं, "कधीची झाली होतीस बाहेरची?"

मी बोटं मोजली. दिवस जरा वर गेले होते. चारपाच. पण त्या क्षणी मला ते चार महिने वाटले.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या आणि माझ्या ओल्या तोंडाला स्वतःचा पदर लावला.

झालं! मी आई होणार होते. आणि ते मी अशा थाटात घेतलं की विचारू नका. अंगणात आलं की बरं वाटायचं, अक्काच्या खोलीत गेलं की पुन्हा मळमळायचं. त्याचा अर्थ मी असा लावला की माझ्या बाळाला ओव्याचा वास सोसत नाही. बाळ नाजूक होतं. शिकलेल्या आईचं होतं. ह्यांना मी चिंच आणायला लावली. दुसऱ्या दिवशी बोरं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मला पेरू नको, अलाहाबादी पेरू हवा. जळगावात अलाहाबादी पेरू कुठून आणायचा? बिचारे बाजार पालथा घालून आले आणि साधाच पेरू देऊन म्हणाले, "तिकडचाच आहे." मी खाल्ला आणि लगेच ओळखला असं सांगितलं. वर त्यांनी सराफ बाजारातून चांदीचा खुळखुळा आणला, कुणाला न सांगता. उशीखाली ठेवून आम्ही दोघं तो हळूच वाजवत असू. आता आठवलं की हसू येतं.

अक्काला सांगितलं तेव्हा ती तापात होती, पण डोळे मिचकावले तिने. "इतली घाई कसाले शे तुले?" म्हणाली. "मनी पोर आते कोठे डोळा उघडस, तवर तुनं भी निंघनं का?" बोलताना मधेच थांबून श्वास घेत होती. मग म्हणाली, "मनंभी डोकं फुटी ऱ्हायनं. माले भी आखो एक ऱ्हायनं का काय, देख." तिलाही म्हणे आणखी एक राहिलं! आणि खांदे हलवून हसली. ते तिचं मी पाहिलेलं शेवटचं तसलं हसणं. पण तेव्हा कुणाला ठाऊक! मी लाजून उठले आणि शेगडीत कोळसे घातले.

पुढे ती झोपायला लागली. ताप जरा उतरल्यासारखा, गालांवर तांबूस रंग. सासूबाई म्हणाल्या, "आता रंग आला बघ तोंडावर. आराम पडतोय." हाक मारली की हूं म्हणायची आणि पुन्हा डोळे मिटायची. श्वास मात्र भराभर. ओठांची कड मला जांभळट दिसली, पण ओव्याच्या धुरीने असेल म्हटलं.

रविवारी सकाळी ती हूं पण म्हणेना.

भाऊ घरी होते म्हणून बरं. ते अनवाणी डॉक्टरांकडे धावले. डॉक्टर आले, बाजेशी बसले, नळी लावली, पापणी वर करून पाहिली. तिची नखं उजेडात धरली. मी दाराशी तांब्या घेऊन उभी. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "छातीत पाणी धरलंय. फ्लू फुप्फुसात उतरलाय. पण एवढी गुंगी..." ते स्वतःशीच बोलत होते. "एवढी गुंगी का?"

तेवढ्यात मला भडभडून आलं. तांब्या टाकून मी उंबऱ्यावरच ओकले.

"काय झालं हिला? हिलाही फ्लू?" डॉक्टरांनी विचारलं.

आणि घरात मरणाचं सावट असताना सासूबाईंच्या आवाजात नको म्हटलं तरी कौतुक आलंच. "नाही हो डॉक्टरसाहेब. धाकटीला दिवस गेलेत."

डॉक्टर उठून माझ्याकडे आले. "डोकं दुखतं?"

"हो."

"कधीपासून?"

"डोहाळे लागले तेव्हापासून."

"कुठे असताना दुखतं? स्वयंपाकघरात? अंगणात?"

मी म्हटलं, "नाही. अंगणात गेलं की थांबतं. इथे, अक्काजवळ बसलं की." आणि वर ज्ञान पाजळलं, "बाळाला ओवा सोसत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाजेखाली पाहिलं. दोन शेगड्या. मग खिडकीकडे, चिंध्यांकडे. ते ओरडलेच: "दार उघडा! खिडकी उघडा! या शेगड्या आधी बाहेर काढा!"

"अहो, वारा लागेल तिला!" सासूबाई आडव्या आल्या.

"लागू द्या आई! वाऱ्यावाचूनच चाललाय तिचा जीव!"

खिडकी उघडेना. चिंध्या अशा कोंबलेल्या की भाऊंनी शेवटी काच फोडली. बाज तशीच चौघांनी उचलून अंगणात आणली. थंडीचे दिवस, सकाळची वेळ, ओली बाळंतीण उघड्यावर. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या, एकीने तोंडावर हात ठेवला. सासूबाई बाजेच्या पायाशी बसून तिचे तळवे चोळत होत्या आणि म्हणत होत्या, "मी मारलं का गं तुला? मी मारलं का?" भाऊ टांगा आणायला पळाले.

आणि तेव्हा मी काय केलं? मी डॉक्टरांच्या जवळ गेले आणि विचारलं, "म्हणजे मला दिवस नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "नसावेत, बाळ," म्हणाले. "बाहेर बस तू. मोकळा श्वास घे."

माझी जिवाभावाची मैत्रीण अंगणात निळी पडत होती आणि मला माझ्या बाळाची पडली होती, जे मुळात नव्हतंच. मी त्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, आजवर पुष्कळ नावं ठेवलीत. पण कधी कधी वाटतं, तिचंही त्या सकाळी काहीतरी गेलंच होतं. रडायला तिला जागा मिळाली नाही एवढंच.

इस्पितळात ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. काळं, माणसाएवढं उंच, भिंतीला साखळीने बांधलेलं. त्याची नळी अक्काच्या तोंडावरच्या रबरी मुखवट्यात गेलेली. शेजारी काचेच्या बाटलीत पाणी होतं, त्यातून बुडबुडे निघत. आम्ही आळीपाळीने त्या बुडबुड्यांकडे बघत बसायचो. ते थांबले की काळीज थांबायचं.

संध्याकाळी आमच्या गल्लीतले डॉक्टर बघायला आले. भाऊंनी त्यांना व्हरांड्यात विचारलं, "साहेब, मला समजेल असं सांगा. झालं काय तिला?"

डॉक्टर बाकावर बसले. "तुम्ही दर शनिवारी एसटीने येता ना? मग ऐका. रक्तातल्या लाल पेशी म्हणजे एसटीच्या गाड्या धरा. फुप्फुस म्हणजे स्टँड. तिथे प्राणवायूचे प्रवासी उभे असतात. गाडी येते, ते चढतात, गाडी त्यांना मेंदूपर्यंत, हातापायांपर्यंत पोचवते, रिकामी होऊन परत येते. असं दिवसभर चालतं. आता फ्लूने काय केलं? स्टँडवर पाणी साचवलं. प्रवासी गाडीपर्यंत पोचेनात. दहा चढायचे तिथे सहा. एवढ्यावरही माणूस तरून जातो, गाड्या जोरात पळवतो. म्हणून तिचा श्वास भराभर चालला होता, नाडी धावत होती."

"मग?"

"मग कोळसा. बंद खोलीत निखारे धुमसले की एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो म्हणजे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे लोक. प्रवासी दारातून चढेपर्यंत हे आत बसलेले. आणि एकदा बसले की लवकर उतरत नाहीत. गाडी भरलेली दिसते, गालांना रंग दिसतो, पण खरा प्रवासी त्यात नाहीच. ज्या थोड्यांना फ्लूने चढू दिलं असतं, त्यांनाही जागा नाही. मेंदू तिकडे वाट बघत बसलाय."

भाऊंनी आत अक्काच्या खाटेकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि हे सिलिंडर?"

"प्रवाशांची एवढी गर्दी करायची की रुमालवाल्यांना उठावंच लागेल. वेळ लागतो. बघू."

मी पलीकडे उभी राहून ऐकत होते. हा वायू माझ्या पुस्तकात होता. त्याचं नाव, त्याचं सूत्र, रंगहीन, गंधहीन, विषारी. हे मी धुळ्यात गच्चीवर फेऱ्या मारत पाठ केलं होतं. पुस्तकात तो काचेच्या नळ्यांमध्ये राहायचा. तो आमच्या शेगडीत, सासूबाईंच्या मायेत राहत असेल, हे त्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नव्हतं.

अक्का शुद्धीवर आली. पोर मागितली. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला. ती घरी आली तेव्हा गल्ली बघायला लोटली. नखं पुन्हा गुलाबी, जेवण बरं, बाळाला छातीशी घ्यायला लागली. मी चांदीचा खुळखुळा तिच्या मुलीच्या हातात दिला. अक्काने मला विचारलं, "तुले वाईट वाटी ऱ्हायनं का?" मी नाही म्हटलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तेव्हा ती पुरी अक्काच होती, शप्पथ सांगते. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

दोनेक आठवडे गेले असतील. एकदा ती भाजीत मीठ घालून वळली आणि परत मीठ घातलं. मी हसले, मला वाटलं सासूबाईंची खोडी काढतेय. मग एकदा उंबऱ्यात उभी राहिली, हातात रिकामं ताट, आणि आत जायचं की बाहेर ते तिला आठवेना. बोलताना शब्दाशी येऊन थांबायची, जसं कुणी गल्लीच्या वळणावर थांबून रस्ता आठवतं. गूळ तिने कधी पुन्हा चोरला नाही. मी एका दुपारी ढेप खाली काढून तिच्यापुढे ठेवली, कंगवा दिला. तिने कंगव्याने स्वतःचे केस विंचरले.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं मागाहून कधी कधी होतं. मेंदू उपाशी राहिला होता. त्याचा काही भाग तेव्हा तग धरतो आणि नंतर हळूहळू विझतो. "परत येईल?" भाऊंनी विचारलं. "थोडं येईल," ते म्हणाले. "सगळं येईल असं मी सांगणार नाही."

सासूबाईंनी नव्या खोलीला कुलूप लावलं. नंतर तिथे धान्याची पोती ठेवली. कुणी पाहुणा आला तर त्या खोली दाखवत नसत. आणि माझी बाळंतपणं पुढे झाली, दोन्ही जुन्या घरात. एक शेगडी नाही. गरम पाण्याच्या बाटलीचा शेक. गल्लीतल्या बायका नावं ठेवत, सासूबाई बाटलीत गरम पाणी भरत.

भाऊंनी धुळ्याला बिऱ्हाड केलं. अक्का आणि मुलगी तिकडे गेल्या. थोडं परत आलं, डॉक्टर म्हणाले तसं. अक्का घर चालवायला लागली. सावकाश, एका वेळी एक काम, पण चालवायची. मुलीची वेणी घालायची. बोलायची, कमी. सांगितलेला विनोद समजायचा, पण उशिरा, सगळ्यांचं हसून झाल्यावर.

माझं माहेर धुळ्याचंच, त्यामुळे वर्षातून दोन-चारदा माझं तिच्याकडे जाणं व्हायचं. आणि मी गेले की काय करायचे? मी तिला ती सांगायचे. पूर्वीची. "अक्का, तुला आठवतं, तू त्या सावकाराची चाल करून दाखवली होतीस?" "अक्का, तू सासूबाईंना त्या दिवशी काय म्हणालीस, ते म्हण ना." तिने म्हटलं नाही की मीच म्हणून दाखवायचे, तिच्या आवाजात. मला वाटायचं एखाद्या गोष्टीने कळ फिरेल आणि आतून ती बाहेर येईल, अर्धं पाऊल माझ्या पुढे. दर वेळी मी निघताना माझं तोंड उतरलेलं असायचं. ते मी लपवत नव्हते. लपवायला हवं, हे मला सुचलं नाही. फार दुःखी बाई होते ना मी!

सत्तरीचं दशक निम्मं झालं असेल. धुळ्याच्या त्या बिऱ्हाडात आम्ही दोघी दुपारी तुरीच्या शेंगा सोलत होतो. मुलगी शाळेत. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं, की अक्का, तो पिंजरा आठवतो का, ती भाकरी. अक्काच्या हातातली शेंग थांबली. माझ्याकडे बघत राहिली. शब्द जमवायला तिला वेळ लागला, आणि मी, नेहमीसारखी, मधे बोलायला तोंड उघडलं. तिने हात वर करून मला थांबवलं.

"तू कोणले धुंडस?" ती म्हणाली. "ती अक्का गई. माले माहीत शे. तू दर खेपले येस, तिले धुंडस, नि रडकं तोंड करीसन जास." पुन्हा थांबली. "मी शे ना आठे."

इथे, माझ्यासमोर. मी खाली बघून शेंगा सोलायला लागले. अंगात सवय अशी की माझी बोटं भराभर चालायची, तिची एकेक दाणा. माझं सूप भरलं, तिचं तळाशी. मग मी माझी बोटं सावकाश केली. असं बसल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की ती प्रत्येक दाणा उजेडाकडे धरून बघते, किडका असेल तर बाजूला काढते, आणि चांगला असेल तर तिला मनापासून बरं वाटतं. तिच्या ओठांच्या कडेला एवढंसं हसू यायचं. नवं होतं ते. माझ्या ओळखीचं नव्हतं. त्या अक्काला मी कधी भेटायलाच आले नव्हते.

ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. मी पदर झटकून उठले. मुलं माहेरी आईजवळ ठेवलेली, संध्याकाळी जळगावला निघायचं होतं.

"आखो एक सूप शे," अक्का म्हणाली. "बस ना."

"पुढच्या खेपेला," मी म्हटलं.

ती खेप व्हायच्या आतच उन्हाळ्यात भाऊंची लांब बदली झाली, आणि तिकडच्या पहिल्याच हिवाळ्यात अक्काला पुन्हा छातीचा ताप आला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिची मुलगी दाराशी उभी होती. ती पुढे येऊन मला बिलगली आणि म्हणाली, "काकू, आई तुमच्यासाठी शेंगा ठेवायला सांगायची. दर वेळी. मी म्हणायचे, अगं, वाळून जातील."